वाट पाहण्याचे पैसे कोण देणार?

भाताचं फूल उघडतं ते एकदाच. सकाळचं ऊन जरा तापलं की तुसाची दोन टरफलं अलग होतात, आतून सहा पुंकेसर बाहेर डोकावतात, पराग झडतात आणि तासा-दीड तासात टरफलं पुन्हा मिटतात. मिटली की मिटली, पुढे उरतो तो दाणा. हे फूल कॅमेऱ्यात धरायचं तर लेन्स अगदी बोटभर अंतरावर न्यावी लागते आणि वारा पूर्ण पडलेला असावा लागतो. शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास लागला तरी लोंबी हलते आणि फोकस जातो. मुळात आज कुठली लोंबी फुलणार हे आधी ओळखता आलं पाहिजे. ते रोज बांधावर जाणाऱ्यालाच ओळखता येतं.

जपानमधल्या यामागाता भागातल्या मागिनो या खेड्यात माहितीपटकार शिन्सुके ओगावा आणि त्यांच्या साथीदारांनी हे फूल पडद्यावर आणलं. त्याआधी ही मंडळी तोक्योजवळच्या नारिता विमानतळाला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये राहत होती. १९६६मध्ये सरकारनं विमानतळासाठी तिथली शेतजमीन निवडली आणि १९६८पासून ओगावांचा कॅमेरा त्या शेतकऱ्यांच्या बाजूनं उभा राहिला. एकामागून एक माहितीपट झाले. त्यात मोर्चे आले, पोलीस आले, झटापटी आल्या. पण ज्या जमिनीसाठी माणसं जिवावर उदार होतात, ती जमीन करणं म्हणजे काय, हे मोर्च्याच्या चित्रणात येत नाही. मग मिचिओ किमुरा या शेतकरी-कवीच्या बोलावण्यावरून १९७०च्या दशकाच्या मध्यावर सगळे मागिनोत राहायला गेले. शेत मिळवलं आणि भात लावायला लागले.

१९८२मध्ये फुरुयाशिकी या गावावरचा त्यांचा माहितीपट आला. भात पोटरीत असताना गारठा पडला तर पराग धरत नाहीत. लोंबी निसवते, पण दाणे पोचट राहतात. हा गारठा नेमका कुठून उतरतो, कुठल्या खाचरात साचतो, याचा माग त्या माहितीपटात काढलेला आहे. तापमानं मोजली आहेत, माती तपासली आहे, डोंगरउतारांचं छोटं मॉडेल करून थंड हवा कशी वाहते ते दाखवलं आहे. १९८४मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पुढचा, खुद्द मागिनोवरचा माहितीपट २२२ मिनिटांचा आहे. गावात राहायला गेल्यापासून तो पुरा होईपर्यंत जवळजवळ एक तप उलटलं होतं.

शेती करणाऱ्या माहितीपटकाराचा विषय निघाला की लोक दोनांपैकी एक गोष्ट बोलतात. एक कौतुकाची: बघा, कलावंत मातीकडे वळला. दुसरी हळहळीची: बिचाऱ्याचं डॉक्युमेंट्रीवर पोट भरत नाही म्हणून जोडधंदा करतो. दोन्ही बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण खरा प्रश्न दोघेही टाळतात. माहितीपटाचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे वाट पाहण्याचा काळ. त्याचे पैसे आज कोणीही देत नाही. ते शेतातून येतात, वडिलार्जित पैशातून येतात, जोडीदाराच्या पगारातून येतात, नाहीतर तो माहितीपट होतच नाही. सार्वजनिक पैशातून माहितीपटांना मदत करायची हे एकदा ठरलं असेल, तर त्या मदतीत वाट पाहण्याचा पगार धरलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मी संकलक आहे. दुसऱ्यांनी आणलेलं फुटेज लावून त्यातून माहितीपट उभा करणं हे माझं काम. त्यामुळे पैसा कुठे खर्च झाला आणि कुठे कमी पडला, हे मला हिशेबाच्या वहीआधी फुटेजमध्ये दिसतं. चार दिवसांत उरकलेलं चित्रण लगेच ओळखू येतं. माणूस कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो, बोलणं संपलं की गप्प होतो आणि तो गप्प झाल्यावर कॅमेराही बंद झालेला असतो. काम मात्र त्या गप्प होण्यानंतरच सुरू होतं.

निधीचं गणित साधारण सगळीकडे सारखंच आहे. आधी संकल्पना लिहायची, मग पटकथेसारखा आराखडा, मग वेळापत्रक, मग अंदाजपत्रक. अॅमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवात १९९३पासून यासाठी फोरम भरतो. दिग्दर्शक आणि निर्माता टेबलाशी बसतात, मोजून दिलेल्या मिनिटांत आपला विषय मांडतात आणि समोर वाहिन्यांचे व निधी देणाऱ्या संस्थांचे लोक असतात. या पद्धतीनं अनेक चांगले माहितीपट झाले आहेत, ते मी नाकारत नाही. पण अंदाजपत्रकातली खाती बघा: चित्रीकरणाचे दिवस, संकलनाचे आठवडे, प्रवास, भाड्याची उपकरणं, ध्वनी, रंग, उपशीर्षकं. ‘काहीच घडत नाही, तरी तिथे असणं’ असं खातं मी आजवर एकाही अंदाजपत्रकात पाहिलेलं नाही.

माझी एक मैत्रीण माहितीपट करते आणि शेतीही करते. गाई आहेत, थोडा भाजीपाला आहे. एका संस्थेच्या अर्जात प्रश्न होता: चित्रपटाचा शेवट कसा असेल? तिनं लिहिलं, ‘अजून माहीत नाही, पुढच्या दोन हंगामांत कळेल.’ मी तिला म्हटलं, अगं, काहीतरी लिही, असं लिहून कोणी पैसे देत नाही. ती म्हणाली, “मला खरंच माहीत नाही, तर मी खोटं कशाला लिहू?” अर्ज नाकारला गेला. कळवलेलं कारण होतं ‘कथानकाचा अपुरा विकास’. मी तिला खोटं लिहायचा सल्ला दिला, याची मला आजही लाज वाटते. आणि जी पद्धत माहितीपट करणाऱ्याकडून पहिली गोष्ट कल्पनेची मागते, ती बदललीच पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

हंगाम वेळापत्रक मानत नाही म्हणजे काय, हे जॉन चेस्टर यांच्या कामात फार स्वच्छ दिसतं. चेस्टर आधीपासून दिग्दर्शक आणि कॅमेरामन. २०११मध्ये ते आणि त्यांची पत्नी मॉली लॉस एंजेलिस सोडून कॅलिफोर्नियातल्याच मूरपार्कजवळ शेती करायला गेले. जमीन एकाच पिकानं थकलेली, कडक झालेली. तिथे त्यांनी फळझाडं, भाज्या, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या, बदकं असं सगळं उभं केलं, आणि त्या सात-आठ वर्षांचा माहितीपट २०१८मध्ये महोत्सवांत आला. त्यातला क्रम लक्षात घ्या. जमिनीवर आच्छादन आल्यावर गोगलगायी वाढल्या आणि फळझाडं खाऊ लागल्या. बदकं गोगलगायी खातात हे कळलं आणि तो प्रश्न आटोक्यात आला. कोयोटींनी, म्हणजे कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या तिथल्या जंगली प्राण्यांनी, कोंबड्या मारल्या. चेस्टर यांनी नाइलाजानं एका कोयोटीवर गोळी झाडली. मग झाडांची मुळं कुरतडणारे, बिळांत राहणारे गोफर वाढले, आणि कोयोटी त्या गोफरांची शिकार करतात हे ध्यानात आलं. ज्याला शत्रू म्हटलं त्याचं काम समजायला काही वर्षं जावी लागली.

हा माहितीपट तिसऱ्या वर्षी संपवायची अट असती तर? बदकांनी शेत वाचवलं अशी एक गोड गोष्ट तयार झाली असती. ती खोटी नसती, पण अपुरी असती, आणि पुढच्याच वर्षी शेतानं ती खोडून काढली असती. जमिनीबद्दल, जंगलाबद्दल, नदीबद्दल आपण जे घाईचे माहितीपट पाहतो त्यातले कितीतरी असे तिसऱ्या वर्षी थांबलेले असतात. प्रेक्षकाला ते कळायला मार्ग नसतो.

याच माहितीपटाबद्दल माझी एक तक्रारही आहे. शेतीला पैसा लावणारे गुंतवणूकदार मिळाले, असा उल्लेख त्यात येतो, पण किती पैसा लागला आणि शेत स्वतःच्या पायावर कधी उभं राहिलं, हे कळत नाही. स्वतःच्या शेताबद्दल सांगणारा माणूस त्या शेताचा मालही विकत असतो. मग माहितीपट आणि जाहिरात यांच्यातली रेघ त्यानं स्वतःच ठळक ओढली पाहिजे. शेतकरी प्रेक्षक तर पहिला प्रश्न हाच विचारेल, ‘भांडवल कुठून आणलं?’ हिशेब दाखवला असता तर त्या बदकांची, कोयोटींची गोष्ट आणखी वजनदार झाली असती.

कोणी विचारेल, पूर्वी कुणीतरी पैसे देतच होतं ना? देत होतं. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा १९२२चा कॅनडातल्या इनुइट लोकांवरचा माहितीपट रेव्हिलाँ फ्रेअर या फरच्या व्यापारी कंपनीच्या पैशावर झाला. १९४८चा लुइझियानामधला चित्रपट स्टँडर्ड ऑइलच्या पैशावर झाला, आणि तेलविहीर त्यात पाहुणी म्हणून येते, शत्रू म्हणून नाही. कंपनीचं नाव पडद्यावर नसलं तरी कंपनीची नजर चौकटीत उतरते. सरकारी पैशाचा अनुभव आणखी बोलका आहे. १९३९मध्ये अमेरिकी सरकारनं फ्लॅहर्टींना देशातल्या शेतीवर माहितीपट करायला सांगितलं. ते देशभर फिरले आणि त्यांना दिसली ती धूप झालेली जमीन, रिकामी घरं, कामाच्या शोधात भटकणारी कुटुंबं. १९४२मध्ये माहितीपट पुरा झाला तोवर अमेरिका युद्धात उतरली होती. जादा पिकाच्या चिंतेतलं सरकार आता अधिक पिकवा म्हणत होतं. फ्लॅहर्टींचा माहितीपट त्या धोरणात बसेना आणि चित्रपटगृहांत तो लागलाच नाही. जमीन तीच होती, माणसं तीच होती. पैसे देणाऱ्याचा हंगाम बदलला होता.

शेत असलेल्या माहितीपटकाराला इथे जे मिळतं ते मोलाचं आहे. त्याला रोज कुणाला तरी खूश करायचं नसतं. काही मिळो न मिळो, तो उद्या तिथेच असणार असतो. समोरचा माणूस हे ओळखतो. पाहुण्याशी बोलणं वेगळं आणि शेजाऱ्याशी बोलणं वेगळं. ओगावांच्या मंडळींशी मागिनोतले लोक पिकाबद्दल बोलतात तेव्हा ते मुलाखत देत नसतात, नव्या शेतकऱ्याला समजावून सांगत असतात. हातात विळा धरलेल्या माणसाला कळणारे प्रश्न विचारता येतात, आणि उत्तरही तसंच मिळतं. रेमों देपार्दों यांची गोष्ट उलटी आहे. ते फ्रान्समधल्या शेतकरी घरात जन्मले, तरुणपणी शेत सोडून छायाचित्रकार झाले, जग फिरले आणि साठीच्या सुमारास डोंगराळ भागातल्या लहान शेतकऱ्यांकडे कॅमेरा घेऊन परत गेले. २००१, २००५ आणि २००८ असे तीन माहितीपट त्यातून आले. त्याच घरी पुन्हा पुन्हा जायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं, बोलणं थांबलं तरी कॅमेरा थांबवायचा नाही. वय झालेली माणसं एकेक करून कमी होत जातात, आणि ते कोणी सांगावं लागत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग झालं तर, माहितीपटकारांनी शेती करावी, प्रश्न मिटला. हे मला अजिबात मान्य नाही, आणि ते का हे जरा सविस्तर सांगायला हवं.

ओगावांचंच उदाहरण घ्या. मागिनोतली शेती हा त्यांच्या पैशाचा प्रश्न सोडवणारा धंदा कधीच नव्हता. समूहातल्या लोकांना पगार नव्हता, कर्ज साचत गेलं, आणि १९९२मध्ये ओगावा गेले तेव्हा ते मागे उरलं. एवढ्या माणसांचा स्वयंपाक, धुणं, घर सांभाळणं हे बव्हंशी बायकांच्या अंगावर पडलं, आणि श्रेयनामावलीत त्याला जागा नव्हती. बार्बरा हॅमर यांनी २०००मध्ये या समूहावर माहितीपट केला. त्यात जुने सदस्य हे सगळं स्वतःच्या तोंडानं सांगतात. म्हणजे वाट पाहण्याचे पैसे कुणीतरी दिलेच होते. ते बिनपगारी तरुणांनी दिले आणि चुलीपाशी राबणाऱ्या बायकांनी दिले. ओगावांच्या कामावर माझं प्रेम आहे, म्हणूनच हे लपवून त्यांचं कौतुक करणं मला पटत नाही.

आणि शरीराचं काय? शेतात सुट्टी नसते. दुभती गाय दिवसातून दोनदा धार मागते, मग महोत्सव असो की ताप असो. माझी मैत्रीण पहाटे उठून गोठा करते, दिवसा शेतात असते आणि रात्री फुटेजची नोंद लिहिते. एकदा आम्ही दोघं रफ कट, म्हणजे माहितीपटाची पहिली कच्ची जुळणी, बघत बसलो होतो. ऐन मोक्याच्या प्रसंगात तिला डुलकी लागली, ती मान टेकूनच झोपली. मी आवाज बंद केला आणि तशीच झोपू दिली. अशा दमलेपणाला आपण साधना म्हणून डोक्यावर घेतो. माझ्या मते ती न दिलेली मजुरी आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेती करत माहितीपट करायचा तर आधी जमीन हवी. ती ज्याला वारशानं मिळाली किंवा विकत घेता आली, तोच दहा वर्षं वाट पाहू शकतो. शेतमजुराच्या मुलीला ते शक्य नाही, आणि शेतीबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं जमीनमालकापेक्षा जास्त असू शकतं. वाट पाहण्याचा खर्च खासगी ठेवला तर दीर्घकाळ चालणारे माहितीपट फक्त जमीनवाल्यांच्या नजरेतून होत राहतील. सार्वजनिक पैसा या कामात उतरावा असं मी म्हणतो ते मुख्यतः एवढ्यासाठीच.

यावर आक्षेप येतो तो साधा आहे आणि रास्तही आहे. लोकांचा पैसा असा बेभरवशाच्या कामात घालायचा का? पाच वर्षं पगार घेऊन माणसानं काहीच केलं नाही तर? याचं उत्तर मला सिनेमाच्या नव्हे, शेतीच्या जगात सापडतं. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड इथे १८४३मध्ये एका शेतात गव्हाचा प्रयोग सुरू झाला. काही पट्ट्यांना शेणखत, काहींना रासायनिक खतं, काहींना काहीच नाही, आणि दर वर्षी उत्पादनाची नोंद. तो प्रयोग आजही चालू आहे. सुरू करताना शेवट काय असेल, असं कुणी विचारलं नव्हतं. जपून ठेवलेल्या मातीच्या आणि पिकाच्या नमुन्यांतून पुढच्या पिढ्यांनी असे प्रश्न सोडवले, जे सुरुवात करणाऱ्यांच्या मनातही नव्हते. तिथे पैशाचा हिशेब मागितला जातो तो नोंदीतून. पेरलं का, मोजलं का, लिहिलं का? एवढं असेल तर काम झालं.

माहितीपटालाही हीच कसोटी लावता येईल. पाच वर्षांचं मानधन द्या, दर महिन्याला, पोट भरेल एवढं. त्या बदल्यात तयार चित्रपटाऐवजी नोंदवही आणि तारीखवार लावलेलं फुटेज मागा, आणि ते सार्वजनिक संग्रहात ठेवा. दर वर्षी एकदा जाणत्या माणसांनी ते बसून पाहावं. त्यात एक संकलक असावा आणि ज्या विषयावर काम चाललंय त्यातलं कोणीतरी असावं. शेतीवरचा माहितीपट असेल तर शेतकरी असावाच. घर सांभाळणाऱ्याचा, मदतनिसाचा पगार अंदाजपत्रकात उघड लिहायला लावा. चित्रपट झाला नाही तरी संग्रह उरतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या कामी येतो. सगळेच माहितीपट असे करावेत असं मी म्हणत नाही. चार आठवड्यांत करण्याचे विषय असतात, ते तसेच करावेत. पण आज सगळा पैसा एकाच घाईत वाटला जातो, त्यातला एक वाटा तरी या कामासाठी बाजूला काढावा.

अर्जातला तो शेवटाचा प्रश्नही काढून टाकावा. त्या जागी विचारावं, ‘तिथे रोज कोण असणार, आणि ते दमले तर त्यांच्या जागी कोण?’

मैत्रिणीच्या फुटेजमध्ये एक शॉट आहे. संध्याकाळची धार काढून झाली की ती गोठ्याच्या कोपऱ्यावरच्या खांबाला कॅमेरा टेकवते आणि समोरचं शेत दोन मिनिटं चित्रित करते. आठवड्यातून एकदा, त्याच खांबावरून. पहिली दोन वर्षं मी ते सगळे शॉट ‘निरुपयोगी’ अशा फोल्डरमध्ये टाकत होतो. चौथ्या वर्षी तिच्या आग्रहावरून ते तारखेच्या क्रमानं एकामागे एक लावले. पीक वाढतं, कापलं जातं, पुन्हा वाढतं. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, शेतापलीकडे, शेजाऱ्याच्या घरातला दिवा असतो, इतका बारीक की मला तो कधी दिसलाच नव्हता. तिसऱ्या वर्षाच्या मध्यापासून तो दिवा नाही. शेजारी जमीन विकून गेला होता. तिनं वही काढली आणि त्या पानावर बोट ठेवलं. त्या आठवड्याच्या नोंदीत एवढंच होतं: गाय व्यायली, पाऊस नाही, समोर अंधार.